लाल कल्ले

हर्णैच्या बंदरावर लिलाव ऐन रंगात,
टोपलीला टोपली घासत, आवाजावर आवाज चढत,
आणि कमरेला खोचलेला फोन थरथरला.
विश्राम होता. सिंगापूर की कुठलं,
दोन दिवस धक्क्याला लागली होती त्याची बोट.
म्हणाला, ताई, दुकानात उभा आहे,
घरी पिक्चर बघायचं मशीन घेतोय,
चित्र म्हणजे एकदम काच!
पण जाती दोन आहेत गं.
एकीची खोकी लाल, एकीची निळी.
लाल मशीनात निळी तबकडी चालत नाही,
निळ्यात लाल नाही.
कंपन्यांचं जुंपलंय आपसात.
सांग पटकन, कुठली घेऊ?

मी काय सांगणार.
समोर सुरमई होती, हातभर,
अंगठ्याने तिचा कल्ला उचलून बघत होते.
आमच्यात असंच बघतात.
कल्ला लाल, तर मासा आजचा.
करडा-निळा पडला, की पुढच्या पाटीकडे जायचं.
म्हटलं, लाल घे.
सुरमईही माझ्याच नावावर सुटली.

दिवाळीला आला तेव्हा
मशीन बॉयलरच्या कपड्यांत गुंडाळलेलं,
आणि नऊ खोकी, लालभडक.
चार विकत घेतलेली, पाच दुकानदाराने वर दिलेली.
तिथेच मला कळायला हवं होतं.
मी रोज वाटे लावते.
वाट्यावर पाच वाटे फुकट
कोणी उगाच देत नाही.

टीव्ही आमचा तोच, एकवीस इंची, पाठीला कुबड असलेला.
विश्राम हातभर अंतरावर मांडी घालून बसला,
मग मागे सरकला, मग दिवा मालवून बघितलं.
केबलवर दिसतं तसंच दिसत होतं.
म्हणाला, काच डिस्कमध्ये आहे, ताई,
टीव्हीत मावत नाहीये.
आणि भारनियमन. दिवसातून दोनदा.
आठही पिक्चर आम्ही तुकड्या-तुकड्यांनी बघितले,
एकाचा शेवट तर अजून मला माहीत नाही.
नववं त्याने फोडू दिलं नाही:
पुढच्या सुट्टीला मोठा टीव्ही आणतो, तेव्हा.

फेब्रुवारीत, कलमांना कणी धरत होती,
तेव्हा त्याचा फोन आला.
लाल हरले, ताई. कंपनीने हात वर केले.
म्हटलं, मग? आपलं काय गेलं?
आता नवीन लाल पिक्चर निघणार नाहीत.
म्हटलं, नऊ आहेत की.
तो गप्प राहिला.
बोटीवरून गप्प राहायलाही पैसे पडतात.

पावसाळ्यात खारी हवा मशीनच्या डोळ्यात गेली.
दापोलीच्या नौशादने उघडून बघितलं,
फुंकर मारली, पुन्हा स्क्रू आवळले.
ताई, पार्ट कुठून आणू?
याचं घराणंच बुडालं.
पैसे घेतले नाहीत त्याने.

आठ तबकड्या मी जाळ्याच्या दोऱ्याने
बोंबलांच्या वलांडीवर बांधल्या.
उन्हात गरागरा फिरायच्या,
सुकत्या बोंबलांवरून रंग पळायचे.
कावळे बिचकले.
आठ दिवस.
मग त्यांनाही कळलं.

मोठा टीव्ही आला पुढे, भिंतीला टांगला,
त्याच्यासमोर लावायला मशीन नाही.
नववं खोकं फ्रिजवर आहे, प्लास्टिकसकट.
वर एक पाठमोरी बाई, बर्फात उभी.
बर्फ आमच्या घरात एकट्या विश्रामनेच पाहिलाय.

दर सुट्टीत तो ते खाली काढतो,
पाठीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो
आणि पिक्चर सांगतो.
बोटीवर बघितलाय म्हणतो, खरं-खोटं तोच जाणे,
कारण मागच्या साली त्या बाईचा नवरा परत आला होता,
त्याच्या आधी तो बुडाला होता,
आणि एकदा तर तिला नवराच नव्हता,
एक आंधळा कुत्रा होता फक्त.

मी सुकट निवडत ऐकते.
बर्फ कुठे भुसभुशीत, कुठे पायाखाली कचकन तुटतो,
तिच्या शालीची कुठली दशी सुटलीय,
सगळं सांगतो तो.
मध्येच वीज गेली
तरी थांबत नाही.